दिवा नेमका कोणासाठी?

नाशिककरांचा आणि पोवळ्याचा संबंध सराफ बाजाराच्या पलीकडे फारसा जात नाही. पत्रिकेत मंगळ बरा नाही असे कोणी सांगितले, की चांगला मंगळवार पाहून शेंदरी-लाल पोवळे अंगठीत बसते. नवरत्नांत त्याचे नाव असल्यामुळे तो एक दगड आहे असे आपण धरून चालतो. तो दगड नव्हे. इवल्या प्राण्यांच्या वसाहतीने बांधलेला तो सांगाडा आहे. दागिन्यांतले प्रसिद्ध लाल पोवळे भूमध्य समुद्रातले. ते खोल, अंधाऱ्या कपारींत वाढते आणि उजेडावाचून त्याचे काही अडत नाही. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात भिंतीच्या भिंती उभारणारी पोवळी मात्र वेगळी. ती अक्षरशः उजेडावर जगतात. काचेच्या टाकीत खारे पाणी भरून दिवाणखान्यात पोवळी फुलवण्याची जी हौस गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांत आली आहे, ती या दुसऱ्या जातीची. आणि त्या हौसेतला सर्वांत खर्चिक प्रश्न म्हणजे टाकीवर दिवा कोणता लावायचा, हा.

प्रश्न माझ्यापर्यंत आला तो शेजारच्या एका तरुणामुळे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत अभियंता आहे, हाताने हुशार, आणि दोन वर्षे गोड्या पाण्यातले मासे त्याने नीट सांभाळले आहेत. एका रविवारी तीन कोटेशने घेऊन आला. म्हणाला, "काका, कर्ज नकोय, नुसती नजर घाला. तुम्ही मालवणला होतात ना?" तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसापुढे कोटेशन ठेवले की त्याला चष्मा शोधावासा वाटतो. तीनपैकी दोन कोटेशनांत टाकीपेक्षा दिवा महाग होता. दूध काढायची भांडी गायीपेक्षा महाग असलेले अर्ज मी पाहिले आहेत. अशा वेळी अर्जदाराला एकच विचारायचे असते : बाबा रे, हे घेऊन तू नेमके काय करणार आहेस?

दिव्याचे मर्म कळायला आधी पोवळ्याचे पोट कळले पाहिजे. या प्राण्याच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाले वस्तीला असतात. ती उजेडात साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतात. काही जातींत पोवळ्याची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज हे भाडेकरू भागवतात. म्हणजे दिवा हा टाकीची शोभा नसून पोवळ्याची भाकरी आहे. नाशिक जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कोवळ्या काडीवर ऊन नीट पडले नाही, तर डोळ्यांत घड धरत नाही आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग नुसतीच पालवते, हे दिंडोरी-निफाडकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आणि तोच बागायतदार पुढे घड भरल्यावर त्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो, कारण तेव्हा तेच ऊन मण्यांचा रंग बिघडवते. ऊन हवे, पण केव्हा आणि किती, याचाच तर सगळा व्यवहार. पोवळ्याचेही तसेच.

आता दुकानात काय होते ते पाहा. दुकानदार गडद निळा दिवा लावतो आणि टाकीतली हिरवी, केशरी, गुलाबी मंडळी गणपतीच्या आराशीसारखी झळाळू लागतात. ही झळाळी खोटी नाही. पोवळ्यांत अशी प्रथिने असतात, जी निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. जेलीफिशमधल्या अशाच हिरव्या प्रथिनावरच्या कामासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन या तिघांना २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शिवाय निळा प्रकाश पोवळ्याला मानवतोही. समुद्राचे पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते, निळा खोलवर पोहोचतो, आणि आतली शैवाले त्याचा उत्तम उपयोग करतात. तेव्हा निळ्या दिव्यात पाप काही नाही.

घोटाळा आहे तो आपल्या डोळ्यांत. माणसाच्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. ४५० नॅनोमीटरचा निळा तितकाच जोरदार असला तरी आपल्याला मंद वाटतो. मग हौशी माणूस म्हणतो, 'उजेड कमी वाटतोय', आणि कळ फिरवत नेतो. त्याला छान दिसू लागते तोवर टाकीतल्या प्राण्याला झेपेल त्याच्या दुप्पट प्रकाश झालेला असतो. मोबाईलवरचे उजेड मोजायचे यंत्रही इथे फसवते, कारण ते 'लक्स' मोजते आणि लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठीच बेतलेले आहे. पोवळ्यासाठी मोजायचा तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशकणांचा मारा. या व्यवहारातले लोक त्याला 'पार' म्हणतात. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा दोन हजारांच्या घरात असतो. टाकीत छत्रीसारख्या पसरणाऱ्या 'मशरूम' जातीला पन्नास ते शंभर पुरतात, चामड्यासारख्या मऊ पोवळ्यांना शंभर-दीडशे, आणि फांद्या फुटणाऱ्या, चुनखडीचा टणक सांगाडा बांधणाऱ्या जातींना अडीचशे-साडेतीनशे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कायद्याच्या दारात त्यांचे काम पडणार आहे.

पेटीवर 'केल्विन'चाही एक आकडा छापलेला असतो. साडेसहा हजार म्हणजे दुपारच्या उजेडासारखा पांढरा, दहा हजार म्हणजे निळसर पांढरा, वीस हजार म्हणजे चक्क निळा. हा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो, जोर सांगत नाही. चहाचा रंग सांगून साखर किती ते कळत नाही, तसे.

दिव्यांच्या जाती तीन. पहिली मेटल हॅलाइड, क्रिकेटच्या मैदानांवर पूर्वी जे झोत असत त्या कुळातली. प्रकाश भरघोस, पाण्याच्या लाटांची सळसळ वाळूवर उमटते तीही सुरेख, पण भट्टी. नाशिकच्या मे महिन्यात अशा दिव्याखालचे पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला पाणी गार करणारे यंत्र बसवावे लागते, आणि मग तेही वीज खाते. दुसरी 'टी-फाइव्ह' ही बारीक नळी. तिचा उजेड टाकीभर सारखा पसरतो, कुठे सावली राहत नाही. पण नळी डोळ्यांना पेटलेली दिसत असली तरी आतून उतरत जाते आणि नऊ-बारा महिन्यांनी बदलावी लागते. हा आवर्ती खर्च कोटेशनात कधीच नसतो. तिसरी एलईडी. उष्णता कमी, रंग वेगवेगळे कमीजास्त करता येतात, सकाळ-संध्याकाळ हळूहळू चढवता-उतरवता येते. तिचा दोष इतकाच की प्रकाश एका ठिकाणाहून पडतो, वरच्या फांदीला भाजतो आणि खालच्या बाजूला अंधार ठेवतो. दिवा थोडा उंच टांगला, किंवा एकाऐवजी दोन लहान लावले, की बरेच भागते. आज नवी टाकी करणाऱ्याने एलईडीच घ्यावी, यात मला शंका नाही.

विजेचे गणित मी मुद्दाम कागदावर मांडून दाखवले. अडीचशे वॅटचे दोन हॅलाइड रोज नऊ तास म्हणजे साडेचार युनिट, महिन्याला एकशे पस्तीस. दीडशे वॅटची एलईडी तेवढेच तास म्हणजे महिन्याला चाळीस. मऊ पोवळ्यांना पुरेल अशी साठ वॅटची एलईडी महिन्याला सोळा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांना बदलतात. एरवी महिन्याला एकशे नव्वद युनिट जाळणारे घर हॅलाइड लावले की तीनशे ओलांडते, आणि ओलांडलेल्या युनिटांना वरचा दर लागतो. एलईडीवर ते दुसऱ्या टप्प्यातच राहते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवा घ्यायचा की पंप, हा प्रश्नही त्याने विचारला. पंप. समुद्रावरही ढगाळ दिवस असतात, एखादा दिवस उजेडावाचून पोवळे मरत नाही. पाणी हलायचे थांबले तर मात्र काही तासांत टाकी संकटात येते.

आणखी एक घरगुती बाब. आपल्याकडे टाकीचा दिवा पाहुण्यांसाठी लावला जातो. कामावरून घरी येईपर्यंत आठ वाजतात, मग दिवा लागतो, रात्री अकरापर्यंत मंडळी बसलेली असतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणी लावतच नाही. पोवळ्याला हे चालत नाही. रोज ठरल्या वेळी आठ-नऊ तास, आणि रात्री निखळ काळोख. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरची पोवळी वर्षातून एकदा पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्री एकदम अंडी सोडतात, हे १९८०च्या दशकात संशोधकांनी दाखवून दिले. चंद्राचा उजेडसुद्धा ज्याच्या हिशेबात असतो, त्याच्यापुढे रात्रभर शोभेचा निळा दिवा जळत ठेवणे हा क्रूरपणा आहे. म्हणून टायमर पहिल्या दिवशीच घ्यावा. नवा दिवाही एकदम पूर्ण जोराने लावू नये. निम्म्यावर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वर न्यावा. जास्त उजेड आणि जास्त उष्णता एकत्र आली, की आतली शैवालेच विषारी होऊ लागतात, पोवळे त्यांना बाहेर काढते आणि पांढरेफटक पडते. २०२४च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झाले. त्या वर्षी एप्रिलमध्ये जगभरातला चौथा मोठा विरंजनकाळ शास्त्रज्ञांनी जाहीर केला होता.

कोणी म्हणेल, दिवा हवाच कशाला, नाशिकला ऊन काय कमी आहे? हा प्रयोग झालेला आहे. जाकार्तातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली आपली 'नैसर्गिक पद्धत' मांडली : समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. पण त्यांच्या दारात उष्ण कटिबंधाचा समुद्र होता, बारा महिने जवळजवळ सारखे हवामान होते. आपल्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या खाली येतो आणि मे महिन्यात चाळिशी गाठतो. पश्चिमेच्या खिडकीतली टाकी उन्हाळ्यात आठवड्याभरात शिजेल.

इथवर सगळे तंत्र झाले. पण मी कोटेशन पाहतो ते हेतू कळण्यासाठी. त्या तरुणाला विकू पाहिलेला सर्वांत महागडा दिवा साडेतीनशेच्या 'पार'साठी होता. एवढा प्रकाश लागतो तो फक्त टणक सांगाड्याच्या पोवळ्यांना. आणि भारतात २००१ सालापासून भिंती बांधणारी ही सर्व टणक पोवळी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. काळे पोवळे, अग्निपोवळे, पावा-पोवळे, समुद्रपंखे हेही तिथेच. या गुन्ह्याला किमान तीन वर्षे कैद आहे, कमाल सात. म्हणजे ज्या दिव्याची एवढी तारीफ चालली होती, त्याखाली ठेवायचा प्राणी घरात आणणे हाच गुन्हा! विक्रेत्याने दिव्याची वॉरंटी तीन वेळा सांगितली होती, ही गोष्ट एकदाही सांगितली नव्हती.

"पण काका, ती समुद्रातली नसतात, नर्सरीत तुकडे लावून वाढवलेली असतात," हा त्याचा युक्तिवाद. तुकड्यापासून पोवळे वाढते हे खरे. हौशी मंडळींनी ही कला जगभर पुढे नेली, हेही खरे. १९९९ साली रशियन संशोधकांनी पोवळवर्गातल्या प्राण्यांतली रंगीत प्रथिने जगापुढे आणली, आज प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे एक लाल प्रथिन त्यातलेच. आणि त्या कामाचे नमुने मॉस्कोतल्या हौशी मत्स्यपालकाच्या टाकीतून आले होते. हौसेला मी तुच्छ लेखत नाही. नर्सरीत वाढलेल्या पोवळ्यासाठी कायद्याने वेगळी वाट काढावी का, याची चर्चाही जरूर व्हावी. पण आजचा कायदा जातीच्या जाती नावानिशी यादीत घालतो, ते पोवळे कुठे वाढले हे विचारत बसत नाही. परदेशातून आणायचे तर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांची कागदपत्रे वेगळीच. हाती साधे बिलही नसताना डब्यातून येणारा तुकडा नर्सरीतला की कोणा कोळ्याच्या पोराला दोन पैसे देऊन छिन्नीने काढून घेतलेला, हे सातपूरच्या अभियंत्याला कसे कळणार? मला तरी बँकेत तारण न पाहता कोणी सही करू दिली नव्हती.

कायदा किती गंभीर आहे याचे एक उदाहरण मुंबईतले आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअली इथे खडकांवर पोवळ्यांच्या अठरा वसाहती आढळल्या. अठराच. पण त्या हलवण्यासाठी महापालिकेला वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून त्यांचे स्थलांतर करवावे लागले. कुलाब्याकडच्या नव्या जागी त्यांना किती उजेड मिळेल, पाणी किती गढूळ असेल, लाट किती, हे तपासावे लागले. एवढी मोठी महापालिका अठरा वसाहतींसाठी परवानगी मागते, आणि आपण कुरिअरने मागवतो.

मालवणच्या शाखेत मी १९९०च्या सुमारास होतो. तिथले सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालेले, एकोणतीस चौरस किलोमीटरचे, आणि मासेमारी बंद होईल या धास्तीने कोळी समाज त्यावर नाराज. कर्जदारांच्या तोंडी तोच विषय. एकदा ओहोटीला एका कर्जदाराने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला होडी नेली. पाणी कमरेएवढे, नितळ म्हणता येणार नाही असे, आणि तळाशी करड्या-तपकिरी गड्ड्यांसारखे काहीतरी. आराशीसारखे मुळीच नव्हे. मी वाकून हात पुढे केला तर तो म्हणाला, "हात लावू नकात साहेबांनू, जितीं आसत तीं." अभयारण्याविरुद्ध निवेदनावर सही केलेला माणूस तो. त्या करड्या गड्ड्यांवरून उन्हाच्या रेषा सरकत होत्या, आणि पावसाळ्याचे चार महिने नद्यांचा गाळ अंगावर घेऊन ती तशा अर्ध्या उजेडातही टिकून होती. ज्याने आयुष्य तशा पाण्यात काढले, त्याच्यावर साडेतीनशेचा झोत सोडला तर काय होईल, याची मला कोटेशन वाचतानाच धडकी भरली.

मग टाकी करूच नये का? करावी. मशरूम किंवा चामडी पोवळ्यांसारख्या मऊ जाती त्या यादीत नाहीत. विक्रेत्याकडून जातीच्या नावासह पक्के बिल घ्यावे, परदेशी जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लागू होतात का हे वन विभागात विचारून घ्यावे, आणि समुद्रातून स्वतः काहीही उचलून आणू नये. या मंडळींना दोन फुटांच्या टाकीत साठ-सत्तर वॅटची, निळे आणि पांढरे दोन्ही रंग स्वतंत्र कमीजास्त करता येणारी साधी एलईडी पुरते. 'पार' मोजायचे यंत्र महाग आहे, विकत घेऊ नये. हौशी मंडळींत कोणाकडे तरी असते, एका संध्याकाळपुरते मागून आणावे आणि टाकीत पाच ठिकाणी आकडा लिहून ठेवावा. त्या तरुणाच्या तीन कोटेशनांतले सर्वांत स्वस्त नेमके हेच होते. ते त्याने तळाशी ठेवले होते.

मुलांना भिंती बांधणारी खरी पोवळी दाखवायची जागा घर नव्हे, सार्वजनिक मत्स्यालय होय. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उभे राहिलेले तारापोरवाला मत्स्यालय आमच्या पिढीने शाळेच्या सहलीत पाहिले. काचेला नाक लावून. २०१५ साली ते नव्या रूपात उघडले आणि २०२०च्या कोविडकाळात त्याची दारे बंद झाली. सातशेहून अधिक किलोमीटर किनारा असलेल्या राज्यात मुलांना समुद्राचे पोट दाखवणारी चांगली जागा असणे ही चैन नव्हे. नव्या मत्स्यालयांच्या योजना अधूनमधून कानांवर येतात, आणि त्यांत काचेच्या बोगद्याचे वर्णन फार असते. माझी मागणी लहान आहे. परवाने रीतसर घेऊन एक टाकी जिवंत पोवळ्यांची करा. तिच्यावरचा दिवा लोकांना दिसेल असा टांगा, आणि काचेबाहेर 'पार' मोजणाऱ्या यंत्राचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवा. सकाळी दहाला किती, दुपारी एकला किती, पाचला किती. शेजारी मालवणच्या गढूळ पाण्यातला आकडाही लावा. नाशिकहून शाळांच्या सहली तेव्हा पहाटेच्या गाडीने जात असत, आताही जातील.